दुपारच्या खेळाला ईडिपस

प्लेटोने उतारवयात लिहिलेल्या ‘लॉज’ या ग्रंथात एक गमतीदार हिशेब मांडला आहे. समजा, सगळ्या तऱ्हेच्या करमणुकीची एकत्र स्पर्धा लावली आणि बक्षीस कुणाला द्यायचं ते प्रेक्षकांवर सोडलं, तर काय होईल? अगदी लहान पोरं बाहुल्या नाचवणाऱ्याला निवडतील. त्यांच्याहून मोठी मुलं विनोदी नाटकाला. शिकलेल्या बायका, तरुण पुरुष आणि एकूण बहुतेक सगळे लोक शोकांतिकेला. आणि म्हातारे? त्यांना होमर म्हणून दाखवणाराच आवडणार.

हा हिशेब मानला तर शाळेतल्या मुलांपुढे शोकांतिका करणं म्हणजे पराभवाची तयारी. इंग्लंडमधली विद्यापीठं ही तयारी एकशे चाळीसहून अधिक वर्षं करत आली आहेत, आणि शाळांच्या बसगाड्या अजून येत आहेत. त्याबद्दलची ही टिपणं. त्यांना क्रम असा काही नाही.

*

सुरुवातीच्या खेळालाच शाळा जोडलेल्या होत्या, हे मला महत्त्वाचं वाटतं. जून १८८० मध्ये ऑक्सफर्डच्या बॅलिओल कॉलेजच्या दालनात विद्यार्थ्यांनी एस्किलसचं ‘ॲगामेम्नॉन’ मूळ ग्रीकमध्ये केलं. कॉलेजचे प्रमुख होते बेंजामिन जाउएट, प्लेटोचे प्रसिद्ध भाषांतरकार. खेळ गाजला आणि मंडळी नाटक घेऊन ईटन, हॅरो आणि विंचेस्टर या शाळांत गेली, लंडनलाही गेली.

त्या शाळांतली पोरं लहानपणापासून ग्रीक घोकत होती. विभक्ती, काळ, अपवाद. चुकलं की छडी. त्यांना ती भाषा पहिल्यांदाच कुणाच्या तरी तोंडून रागाने, कपटाने, भीतीने बोललेली ऐकू आली असणार. नवऱ्याला मारून दारात उभी राहिलेली क्लायटेम्नेस्ट्रा फ्रँक बेन्सन या विद्यार्थ्याने केली होती. तो पुढे शेक्सपिअरची नाटकं गावोगाव नेणारा मोठा नट-व्यवस्थापक झाला.

त्याच वर्षी ३१ ऑक्टोबरला पुण्यात अण्णासाहेब किर्लोस्करांच्या ‘शाकुंतल’चा पहिला प्रयोग झाला. दोन्ही ठिकाणी पुरुषच बायका झाले होते आणि दोन्ही ठिकाणी एका जुन्या भाषेतलं नाटक पुस्तकातून बाहेर काढलेलं होतं. आपल्याकडे ते मराठीत आलं आणि सगळ्यांचं झालं. तिकडे ते ग्रीकमध्येच राहिलं आणि बराच काळ मोजक्या महागड्या शाळांचंच राहिलं.

*

केंब्रिजने १८८२ साली सोफोक्लीसचं ‘एजॅक्स’ केलं. तेव्हापासून सुरू झालेला ‘केंब्रिज ग्रीक प्ले’ आज साधारण दर तीन वर्षांनी होतो, अजूनही मूळ ग्रीकमध्ये. लंडनच्या किंग्ज कॉलेजचं ग्रीक नाटक १९५३ पासूनचं. तेही ग्रीकमध्ये, पण दरवर्षी. लंडनच्याच युनिव्हर्सिटी कॉलेजची मंडळी दरवर्षी इंग्रजी भाषांतरात करतात. तिन्हीकडे नाटकासोबत शाळांसाठी व्याख्यानं किंवा कार्यशाळा ठेवण्याची चाल आहे.

मला यांतली केंब्रिजची रीत सगळ्यांत वेडगळ वाटते आणि म्हणूनच आवडते. भूमिकांसाठी निवड होते तेव्हा ग्रीक यायलाच हवं अशी अट नसते. गणिताची, इतिहासाची, इंजिनीअरिंगची मुलंही येतात. अक्षर न अक्षर कानाने शिकतात. अर्थ समजून घेतात, वृत्त अंगात मुरवतात आणि शंभर-दोनशे ओळी पाठ करून उभी राहतात.

पाठांतराला आपण उगाच नावं ठेवतो. प्लूटार्कने सांगितलेली गोष्ट आहे. इसवी सनापूर्वी ४१३ मध्ये अथेन्सचं सैन्य सिसिलीत नेस्तनाबूत झालं, हजारो कैदी सिराक्यूजच्या दगडाच्या खाणींत कोंडले गेले. सिसिलीच्या लोकांना युरिपिडीसचं वेड होतं. ज्या कैद्यांना त्याच्या नाटकांतली पदं म्हणता येत होती त्यांतले काही त्या बळावर सुटले, आणि घरी परतल्यावर कवीचे आभार मानायला गेले. घोकंपट्टीचं याहून मोठं बक्षीस कुणाला मिळालं असेल असं वाटत नाही.

*

आज शाळा का येतात? परीक्षेमुळे. यात लपवण्यासारखं काही नाही. इंग्लंडमधल्या ए-लेव्हलच्या ‘क्लासिकल सिव्हिलायझेशन’ या विषयाला ग्रीक भाषा यावी लागत नाही, सगळं भाषांतरातून शिकवतात. त्यातल्या ‘ग्रीक थिएटर’ या भागाला सोफोक्लीसचं ‘राजा ईडिपस’, युरिपिडीसचं ‘बॅकाय’ आणि ॲरिस्टोफेनीसचं ‘फ्रॉग्ज’ नेमलेली आहेत. ‘अँटिगनी’ नाट्यशास्त्राच्या परीक्षेत भेटते. म्हणजे ईटन-हॅरोच्या पलीकडची, ग्रीकचं एक अक्षरही न शिकलेली मुलं आता प्रेक्षागृहात असतात. मला विचाराल तर बॅलिओलच्या काळापासून झालेला सगळ्यांत मोठा बदल हाच. रंगमंचावरचे बदल त्यापुढे किरकोळ.

गंमत अशी की परीक्षेला नेमलेला हा ‘ईडिपस’ स्वतः स्पर्धेत हरला होता. ज्या वर्षी तो अथेन्सला झाला त्या वर्षी पहिलं बक्षीस मिळालं फिलोक्लीसला. हा एस्किलसचा भाचा. त्याचं एकही नाटक आज उरलेलं नाही.

‘मेडिआ’ची कथा आणखी वाईट. इसवी सनापूर्वी ४३१, तीन नाटककार स्पर्धेत, युरिपिडीस तिसरा.

*

आता कोरसविषयी. यावर मला जास्त लिहायचं आहे, कारण विद्यार्थ्यांचे प्रयोग इथेच तरतात किंवा बुडतात.

कोणत्याही हौशी ग्रीक नाटकाची चर्चा नायकापासून सुरू होते. ‘अँटिगनी’तला राजा क्रेऑन कोण करतोय, मेडिआ कशी आहे. अथेन्समध्ये हिशेब उलटा होता. नाटक करायला परवानगी मिळाली याला तिथे ‘कोरस मिळाला’ असंच म्हणत. खर्च उचलणारा धनिक होता तो कोरसचा खर्च उचलणारा. त्यांची तालीम, त्यांचे कपडे, त्यांचं खाणंपिणं. एस्किलसच्या ‘पर्शियन्स’चा असा खर्च उचलणारा होता तरुण पेरिक्लीस. नट तीनच. कोरस आधी बारा जणांचा, सोफोक्लीसने तो पंधराचा केला.

हे बारा-पंधरा जण नागरिकच होते, धंदेवाईक नट नव्हेत. जॉन विंकलर या अभ्यासकाने तर असं मांडलं की शोकांतिकेचा कोरस म्हणजे सैनिकी शिक्षण घेत असलेली अठरा-वीस वर्षांची पोरं असावीत. रांगा धरून नाचणं आणि रांगा धरून लढणं त्यांना एकत्रच शिकवलं जात असावं. सगळ्या विद्वानांना हे पटलेलं नाही. पण विद्यार्थ्यांचा चांगला प्रयोग पाहिला की वाटतं, त्या माणसाच्या हाताला काहीतरी लागलं होतं. विशीतली पंधरा मुलं सहा आठवडे एकत्र घाम गाळतात तेव्हा त्यांच्यात एक गोष्ट येते जी व्यावसायिक कंपनीला पैसे देऊनही मिळत नाही. त्यांचा श्वास एक होतो. ती एकमेकांकडे न बघता एकाच क्षणी वळतात. नायकाचं दुःख वीस वर्षांच्या नटाला पेलत नाही हे उघड आहे, तो ओरडतो किंवा रडतो. पण त्या दुःखाकडे बघणारी माणसं होणं त्याला उत्तम जमतं.

आणि नेमकं हेच अनेक दिग्दर्शक उधळून लावतात. कोरसच्या ओळी एकेका मुलीला वाटून देतात. एक म्हणते, दुसरी म्हणते, तिसरी कुजबुजते, मग सगळ्या मिळून शेवटचा शब्द. पांढऱ्या किंवा काळ्या चादरी. धूर. हे दिसलं की समजावं, कोरसचं काय करायचं हा प्रश्न तालमीच्या शेवटच्या आठवड्यात सोडवलेला आहे. शाळकरी प्रेक्षक इथेच हातातून सुटतात. पुढे ईडिपसने डोळे फोडून घेतले काय किंवा न घेतले काय, मनाने ती मुलं परतीच्या बसमध्ये बसलेली असतात.

केंब्रिजच्या जुन्या मंडळींना हे पक्कं ठाऊक होतं. त्यांनी कोरससाठी त्या काळातले नामवंत संगीतकार गाठले. १८८३ च्या ‘बर्ड्स’ला ह्युबर्ट पॅरी, १८८५ च्या ‘युमेनिडीस’ला चार्ल्स स्टॅनफर्ड. १९०९ च्या ‘वॉस्प्स’ला रॅल्फ वॉन विल्यम्सने संगीत दिलं. तो प्रयोग विसरला गेला, पण त्याचं सुरुवातीचं वाद्यसंगीत आजही जगभरच्या वाद्यवृंदांच्या कार्यक्रमात असतं. ग्रीकांची मूळ चाल जवळजवळ सगळी नष्ट झालेली. तेव्हा नवी चाल लावण्यावाचून इलाज नाही, आणि ती चांगली लावण्यावाचूनही नाही. संगीत नाटकावर वाढलेल्या आपल्या माणसाला हे वेगळं समजावून सांगावं लागत नाही.

*

पात्राचं वय हा विद्यार्थी-प्रयोगांतला जुना दुखरा प्रश्न. योकास्टा आणि ईडिपस, आई आणि मुलगा, दोघेही वीस वर्षांचे. केस पांढरे केले की अधिकच शाळेचं स्नेहसंमेलन वाटतं.

२०१९ साली केंब्रिजने ‘ईडिपस ॲट कोलोनस’ केलं. सोफोक्लीसने ते नव्वदीच्या घरात लिहिलं, त्याच्या मृत्यूनंतर इसवी सनापूर्वी ४०१ मध्ये त्याच्या नातवाने ते रंगमंचावर आणलं. म्हाताऱ्या, आंधळ्या माणसाला मरायला जागा हवी आहे, एवढीच गोष्ट. ते विशीतल्या मुलांनी करायचं आणि सोळा वर्षांच्यांनी बघायचं. हे धाडस मला मान्य आहे, पण शाळांसाठी माझी निवड कायम ‘अँटिगनी’. तिथे मुलगी, तिची बहीण, तिचा होणारा नवरा हे तिघेही करणाऱ्यांच्याच वयाचे असतात. बापाला ‘तू चुकतोयस’ हे नम्रपणे सांगता सांगता आवाज चढलेला हायमन करायला विसाव्या वर्षी मेकअप लागत नाही.

*

मुखवटे घातले तर वयाचा प्रश्न सुटतो. तरी बहुतेक प्रयोग मुखवटे टाळतात. चेहरा दिसला पाहिजे, घरच्यांनी तिकीट काढलेलं असतं.

मुखवट्याने आणखी एक साधतं. तीनच नट असल्यामुळे एकाला दोन-तीन भूमिका कराव्या लागत. ‘बॅकाय’मध्ये थीब्जचा तरुण राजा पेंथिअस आणि त्याची आई अगावी या दोन्ही भूमिका एकच नट करत असावा, असं बहुतेक अभ्यासक मानतात. आता शेवटचा प्रसंग बघा. उन्मादात आईने मुलाला फाडून टाकलंय आणि आपण सिंह मारला अशा समजुतीत ती त्याचं डोकं हातात घेऊन येते. ते डोकं म्हणजे पेंथिअसचा मुखवटा असणार. थोड्या वेळापूर्वी जो नट तो मुखवटा लावून बोलत होता तोच आता आईचा मुखवटा लावून तो हातात धरून उभा आहे. ‘ग्रीक थिएटर’च्या पेपरात यावर पाच गुणांचा प्रश्न सहज निघेल. पण रंगमंचावर एकदा दिसलं की मुलांना पानभर टिपा लिहून द्याव्या लागणार नाहीत. विद्यार्थी मंडळी मात्र सगळ्या मित्रांना भूमिका मिळाव्यात म्हणून आठ नट घेतात आणि हा सगळा खेळ घालवून बसतात. मैत्री टिकते, नाटक पातळ होतं.

*

डोक्यावरून आठवलं. कागदाच्या लगद्याचं रंगवलेलं डोकं आलं की दुपारच्या खेळाला मुलं हसतात. हमखास हसतात. शिक्षक मागे वळून डोळे वटारतात.

हसण्याने एवढं काय बिघडतं? त्याच नाटकात आधी कॅडमस आणि टायरीसिअस हे दोन थेरडे हरणाचं कातडं पांघरून, डोक्यावर पानांच्या माळा घालून नाचायला निघतात. तिथे हसायचंच असतं. युरिपिडीसला प्रेक्षक आधी हसायला हवा आहे, म्हणजे ते हसू पुढे त्याच्या घशात अडकवता येईल. ज्या मुलाला डोकं बघून हसू आलं, त्याचं हसू आई शुद्धीवर येऊ लागली की कुठे जातं ते बघावं. कॅडमस मुलीला एकेक साधा प्रश्न विचारतो. आभाळाकडे बघ. तुझं लग्न कुणाशी झालं? मुलगा कोणता झाला? हातात कुणाचा चेहरा आहे? एवढं झालं की प्रेक्षागृहात वेफरच्या पाकिटाचा आवाजही येत नाही. दिग्दर्शकाने हा प्रसंग घाईत उरकला तरच हसू शेवटपर्यंत टिकतं, आणि तेव्हा दोष मुलांचा नसतो.

*

तसंही शांत प्रेक्षक ही कल्पना ग्रीक नाही. अथेन्सचे प्रेक्षक ओरडत, शिट्ट्या मारत, नट आवडला नाही तर बाकांवर टाचा आपटत. १९६३ पासून चालत आलेल्या पुरुषोत्तम करंडकाच्या वेळी ‘आवाज कुणाचा’ची आरोळी ज्याने भरत नाट्य मंदिरात ऐकली आहे, त्याला ही नाटकं ज्यात होत त्या डायोनिससच्या उत्सवाची थोडी कल्पना येईल. निकालाची पद्धत मात्र तिकडची भन्नाट होती. दहा परीक्षक मतं देत, पण त्यांतली काहीच चिठ्ठ्या उचलून निकाल लावत. पक्षपाताला आळा म्हणून. आपल्याकडे ही सुधारणा कुणी सुचवल्याचं ऐकिवात नाही.

*

जॅनेट केस. हे नाव नीट लिहून ठेवायला हवं. १८८३ साली केंब्रिजच्या गर्टन या मुलींच्या कॉलेजने सोफोक्लीसचं ‘इलेक्ट्रा’ केलं, त्यात ती इलेक्ट्रा होती. दोन वर्षांनी पुरुषांच्या ग्रीक नाटकात, ‘युमेनिडीस’मध्ये, तिला अथीनाची भूमिका दिली गेली. खटल्यात निर्णायक मत देणारी, न्यायसभा स्थापणारी देवी. त्यानंतर केंब्रिजच्या या नाटकात बाई पुन्हा दिसायला दुसरं महायुद्ध संपावं लागलं. मुलींना पूर्ण पदवी द्यायला केंब्रिजने १९४८ उजाडवलं. म्हणजे देवी व्हायला हरकत नव्हती, पदवीधर व्हायला होती.

केसबाईंनी पुढे घरोघरी जाऊन ग्रीक शिकवलं. त्यांच्या एका विद्यार्थिनीचं नाव व्हर्जिनिया स्टीफन, म्हणजे लग्नानंतरची व्हर्जिनिया वुल्फ. ग्रीक न येण्याविषयीचा तिचा निबंध प्रसिद्ध आहे. तो लिहिण्याइतकं ग्रीक तिला केसबाईंनी शिकवलं होतं.

*

एम. आर. जेम्स हे भयकथांचे बादशहा. केंब्रिजला विद्यार्थी असताना १८८३ च्या ‘बर्ड्स’मध्ये प्रमुख भूमिका त्यांची. १९०६ च्या ‘युमेनिडीस’मध्ये कवी रुपर्ट ब्रुक भालदार होता. एकही वाक्य नाही, नुसतं दिसायचं. दिसायला तो अतिशय देखणा होता, त्यामुळे लोकांच्या लक्षात तोच राहिला.

*

एस्किलसच्या प्राचीन चरित्रात लिहिलंय की ‘युमेनिडीस’च्या पहिल्या प्रयोगात सूडदेवतांचा कोरस आत आला तेव्हा लहान मुलं बेशुद्ध पडली आणि बायकांचे गर्भपात झाले. ही दंतकथाच असणार. पण मुलं प्रेक्षकांत होती हे सांगणाऱ्याला खटकलेलं नाही, एवढं त्यातून घेता येतं.

आज शाळांना पाठवायच्या माहितीपत्रकात इशारे असतात. हिंसा, आत्महत्या, कुटुंबातले लैंगिक संबंध, बालहत्या. ‘मेडिआ’ आणि ‘ईडिपस’ या दोन नाटकांतच यादी पुरी होते. मी या इशाऱ्यांची टिंगल करणार नाही. एखाद्या मुलाच्या घरी काय चाललंय ते आपल्याला माहीत नसतं. मात्र एक गोष्ट शिक्षकांनी ध्यानात घ्यावी. यातलं काहीच रंगमंचावर घडत नाही.

मेडिआ मुलांना आत नेते, दार लागतं, आतून ओरडणं ऐकू येतं. ईडिपस डोळे आत फोडतो, बाहेर येऊन एक नोकर ते सांगतो. अँटिगनी गुहेत गळफास घेते, तेही आपल्याला ऐकायलाच मिळतं. दूताचं निवेदन हा ग्रीक शोकांतिकेचा कणा आहे. हौशी मंडळी त्याला कंटाळवाणं समजून कापतात किंवा त्याच्या मागे प्रोजेक्टरवर चित्रं दाखवतात. चित्रं दाखवली की दूत मेला. सिनेमात सगळं बघून झालेल्या सोळा वर्षांच्या मुलाला रक्त दाखवून काहीही होत नाही. पण एक माणूस धापा टाकत येतो, सांगायला नको असलेली गोष्ट सत्तर-ऐंशी ओळींत सांगतो, आणि ऐकणारी बाई एक शब्दही न बोलता आत निघून जाते, हे त्याने कुठेच पाहिलेलं नसतं. दूताच्या भूमिकेला सगळ्यांत चांगला नट द्यावा, नायकाला दुसऱ्या नंबरचा चालेल. हे मी गंभीरपणे म्हणतोय.

आपल्या भरताने हाच नियम दुसऱ्या वाटेने घातला. युद्ध, राज्याचा नाश, मरण, नगराला वेढा या गोष्टी अंकात प्रत्यक्ष दाखवू नयेत, प्रवेशकातून कळवाव्यात. दोन टोकांच्या दोन रंगभूमींना सांगण्यावर एवढा भरवसा होता.

*

मूळ ग्रीकमधल्या प्रयोगाला आता वर पट्टीवर इंग्रजी मजकूर झळकतो. याचा फायदा उघड आहे. तोटा असा की मुलं नाटकभर मान वर करून वाचत राहतात. पट्टी लिहिणाऱ्याने कंजूष असावं. चार ओळींना एक ओळ पुरे. जिथे नुसता विलाप आहे तिथे पट्टी कोरी ठेवावी. विलापाचं भाषांतर वाचणारा माणूस विलाप ऐकत नाही.

*

‘ईडिपस’ पाहून शाळकरी डोक्यात पहिली शंका येते ती ही: ‘बापाला मारशील, आईशी लग्न करशील’ असं भविष्य ऐकलेल्या माणसाने वयाने मोठ्या पुरुषाला मारावंच कशाला आणि वयाने मोठ्या बाईशी लग्न करावंच कशाला? आणि इतकी वर्षं राज्य करून आधीचा राजा कसा मेला याची चौकशी केली नाही?

शिक्षक म्हणतात, गप्प बैस, ही नियती आहे. पण यातली दुसरी शंका ॲरिस्टॉटलचीच आहे. ‘काव्यशास्त्रा’त त्याने ती नोंदवली आणि ही असंभाव्य गोष्ट निदान नाटकाच्या घटनांबाहेर आहे म्हणून चालवून घेतली. मुलाला गप्प बसवण्याऐवजी हे सांगावं. आपली शंका दोन हजार तीनशे वर्षांपूर्वीच्या मोठ्या माणसाला आली होती हे ऐकून पोरगं नाटक पुन्हा वाचेल. पु. ल. देशपांड्यांनी याचा ‘राजा ओयदिपौस’ केला आहे, मराठी शिक्षकाला लांब जायला नको.

*

‘आजच्या काळाशी जोडणं’ ही एक साथ आहे. क्रेऑनला सूट आणि टाय, मागे टीव्हीच्या बातम्या, कोरसच्या हातात मोबाइल. शाळेसाठी आहे म्हणून हे आणखी जोरात होतं, जणू मुलांना कपडे ओळखीचे वाटले नाहीत तर माणसंही ओळखीची वाटणार नाहीत.

‘पर्शियन्स’ हे उदाहरण बघा. सॅलमिसची आरमारी लढाई इसवी सनापूर्वी ४८० ची. नाटक झालं ४७२ मध्ये. समोर बसलेल्यांत त्या लढाईत वल्ही मारलेले लोक होते, एस्किलस स्वतः पर्शियनांशी लढलेला होता. आणि रंगमंचावर काय? विजयाची मिरवणूक नाही. शत्रूच्या राजवाड्यात बसलेली राजाची आई, मेलेल्या सरदारांची लांबच लांब नावं, फाटक्या कपड्यांत परतलेला राजा. जिंकणाऱ्यांनी आठ वर्षांत हरणाऱ्यांचा शोक बघायला बसणं हे त्या काळीही सोपं नसेल. केंब्रिजने हे नाटक २०२२ च्या शरद ऋतूत केलं, युरोपात युद्ध सुरू होऊन काही महिने झाले होते. अशा वेळी पडद्यावर कुठला नकाशा दाखवायची गरज नसते. सोळा वर्षांच्या मुलाला वर्तमानपत्र वाचता येतं.

त्याच संध्याकाळी जोडीला युरिपिडीसचं ‘सायक्लॉप्स’ होतं. अथेन्समध्ये तीन शोकांतिकांनंतर एक धांगडधिंग्याचं सॅटर-नाटक असे. त्या प्रकारातलं पूर्ण उरलेलं हे एकमेव. शाळांसाठी अशी जोडी लावणं मला शहाणपणाचं वाटतं. रडवून लगेच घरी पाठवू नये, हे ग्रीकांना कळत होतं.

*

शेवटचं टिपण घरच्यासाठी.

महाराष्ट्र राज्य नाट्य स्पर्धेत संस्कृत नाटकांचा वेगळा विभाग असतो. कितीतरी होतकरू मुलं, संस्कृत येणारी आणि न येणारी, केंब्रिजच्या मुलांसारखीच कानाने शिकून त्यात उतरतात. स्पर्धा संपते, निकाल लागतो आणि बहुतेक नाटकं पेटीत जातात. शाळेत आठवी ते दहावी संस्कृत घेतलेली मुलं, जी धातुरूपं घोकून शंभरापैकी अठ्ठ्याण्णव मिळवतात, ती ही भाषा कुणाच्या रागालोभाची म्हणून ऐकतच नाहीत.

भासाच्या नावाने ओळखली जाणारी नाटकं गणपतिशास्त्रींनी त्रिवेंद्रमहून १९१२ पासून प्रसिद्ध केली. त्यांतलं ‘ऊरुभंग’ एकाच अंकाचं. भीम-दुर्योधनाचं गदायुद्ध दिसत नाही, ते तीन योद्धे येऊन सांगतात. मग मांड्या मोडलेला दुर्योधन येतो. त्याचा लहान मुलगा दुर्जय सवयीप्रमाणे मांडीवर बसायला जातो आणि बापाला त्याला अडवावं लागतं. शेवटी दुर्योधन प्रेक्षकांसमोर मरतो, भरताचा नियम मोडून. शोकांतिका नेमकी कशी असते हे मुलांना दाखवायला ग्रीसपर्यंत जायची गरज नाही.

तेव्हा संस्कृत नाटक बसवणाऱ्या महाविद्यालयांना एवढीच विनंती: नाटक पेटीत टाकण्याआधी जवळच्या दोन-चार शाळांत त्याचा दुपारचा खेळ लावा. सभागृह नसेल तर मोठ्या वर्गात करा. कोरससारखे ते तीन योद्धे नीट बसवा, त्यांना चांगले नट द्या. आणि खेळाआधी अध्यक्षांचं भाषण ठेवू नका.